शेजारच्यांनी ईआरपी घेतलं. आपण कशासाठी घ्यायचं?

वाचकाचं पत्र: नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं मशिन शॉप आहे. ६ सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथ, २ व्हीएमसी (तशाच मिलिंग मशिन), ३४ माणसं. ऑटोमोबाइलचे छोटे पार्ट टर्निंग-मिलिंग करतो, झिंक प्लेटिंग (जस्ताचा थर) बाहेरून करून घेतो आणि दोन मोठ्या कंपन्यांना माल देतो. गेल्या वर्षीची उलाढाल साडेसहा कोटी. शॉप बाबांनी १९९८ मध्ये सुरू केलं. मी चार वर्षांपासून हिशेब आणि डिस्पॅच बघते. बिलं टॅलीत होतात, बाकी सगळं रजिस्टरमध्ये आणि स्टोअरच्या काकांच्या डोक्यात. प्लेटिंगहून माल परत आला की कधी १५ नग कमी भरतात, कधी ५ जास्त. त्यावरून प्लेटरशी रोजची वादावादी. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या गाळ्यात ईआरपी (स्टॉक, खरेदी, उत्पादन, हिशेब सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) आलं म्हणून आम्हीही घेतलं, ते पाच महिन्यांत बंद पडलं. आता मोठा ग्राहक म्हणतो, माल कधी किती द्यायचा याचं शेड्यूल आमच्या पोर्टलवरून घ्या, बिनला (माल ठेवायच्या क्रेटला) क्यूआर लेबल लावा, प्रत्येक लॉटचा (एकत्र बनलेल्या नगांच्या गटाचा) माग दाखवा. बाबा म्हणतात, 'ग्राहकाला हवं तेवढंच कर, एकदा पैसे बुडालेत.' मला वाटतं, एकदाच सगळं संगणकावर आणावं. आमच्यासारखे लोक नवं तंत्रज्ञान घेतात ते नक्की कशासाठी? आणि आम्ही आता काय करावं?

ताई,

'कोणतं सॉफ्टवेअर घेऊ' हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, 'लोक घेतात कशासाठी' हा विचारलात, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच प्रश्नात आहे. लहान कारखान्यात संगणक ज्या कारणाने आत येतो, त्या कारणापुरताच तो चालतो. तुमच्याकडे टॅली नीट चालतं आणि ईआरपी बंद पडलं, यामागेही हेच आहे.

बहुतेक वेळा कारण बाहेरून येतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, १ एप्रिल २०१८ पासून मालवाहतुकीचं ई-वे बिल आलं. ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवून क्यूआर घेतलेलं बिल, १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींवर उलाढालीच्या कंपन्यांपासून सुरू झालं आणि पायऱ्या उतरत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर येऊन ठेपलं. ज्या गाळ्यात तोवर बिलं कार्बन ठेवून हाताने लिहिली जात, तिथेही त्या दिवशी संगणक सुरू करावा लागला. कुणी कुणाला फायदे पटवून दिले नाहीत. क्यूआरशिवायचं बिल ग्राहक घेईना, कारण त्यावर त्याला टॅक्सचं क्रेडिट मिळत नाही. साडेसहा कोटींवर तुम्हीही यात आलात. एक लक्षात असू द्या: २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही एका वर्षात पॅनवरची एकूण उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल, तर पुढे ती घसरली तरी ई-इनव्हॉइस सुटत नाही.

नाशिकला याचं दुसरं उदाहरण शेतात सापडेल. २००३ मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडल्यानंतर अंश तपासणीची व्यवस्था उभी राहिली आणि २००६ मध्ये अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेने ग्रेपनेट ही माग ठेवणारी ऑनलाइन व्यवस्था सुरू केली. निर्यातीची बाग नोंदवायची, प्रयोगशाळेचा अहवाल त्याच प्लॉटच्या नंबरावर चढवायचा, पॅकहाउसमधली पेटी त्या प्लॉटपर्यंत मागे नेता आली पाहिजे. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षवाल्यांना संगणकाची ओढ लागली म्हणून हे झालं नाही. मागाशिवाय युरोपचा दरवाजा बंद होता. तुमचा ग्राहक आज लॉटचा माग मागतोय, तो याच जातीचा आग्रह आहे.

अशा सक्तीला एक मर्यादा असते. १९९५ मध्ये कॅनडातल्या इयाकोव्हू, बेनबासॅट आणि डेक्स्टर या तीन संशोधकांनी सात लहान कंपन्यांचा अभ्यास केला. ग्राहकाशी ऑर्डर आणि बिलांची देवाणघेवाण संगणकावरून करायची त्या काळची जी पद्धत होती, ती या कंपन्यांनी का घेतली, हा प्रश्न होता. तीन गोष्टींचा विचार त्यांनी मांडला: फायदा किती दिसतो, घरची तयारी किती आहे, आणि बाहेरचा दाब किती आहे. लहान कंपन्यांच्या बाबतीत बाहेरचा दाब फार जड ठरला. पण ज्यांनी केवळ दाबाखाली ती घेतली आणि स्वतःच्या कामाशी जोडली नाही, त्यांच्या पदरात फारसं पडलं नाही. ग्राहकाकडून आलेली ऑर्डर स्क्रीनवर बघायची आणि पुन्हा वहीत उतरवायची, म्हणजे काम दुप्पट. 'ग्राहकाला हवं तेवढंच कर' हे बाबांचं म्हणणं तुम्हाला नेमकं याच जागी नेऊन ठेवेल. त्यांची सावधगिरी मात्र रास्त आहे, तिच्याकडे पुढे येतो.

आता ईआरपी का मेलं ते बघू. तुमच्या गेटाबाहेरच्या चहाच्या टपरीवर क्यूआरचा फलक कसा आला ते आठवा. गिऱ्हाईक मागत होतं, फलक लावायला काही पडलं नाही, शिकायला काही नव्हतं, यूपीआयवर दुकानदाराला जानेवारी २०२० पासून व्यवहारशुल्क नाही, आणि पहिल्याच संध्याकाळी सुट्ट्या पैशांची कटकट कमी झाली. नाही जमलं तर फलक काढून ठेवायचा, नुकसान शून्य. नवी वस्तू लोक लवकर का उचलतात, याची जवळजवळ सगळी कारणं या टपरीवर हजर आहेत. ईआरपी याच्या बरोबर उलट वागतं. पैसे आधी, नोंदी सहा महिने, फायदा सगळं भरून झाल्यावर. आणि थोडंसं वापरून बघता येत नाही. त्यातली सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे कष्ट एकाचे आणि फायदा दुसऱ्याचा. नोंदी भरायच्या काकांनी आणि रिपोर्ट बघायचा बाबांनी. दिवसाला २५ चलनं धरली आणि एका नोंदीला २ मिनिटं, तर ५० मिनिटं झाली. काकांच्या दिवसातून ती ५० मिनिटं मोकळी करण्यासाठी दुसरं कुठलं काम काढून घेतलं होतं का? तुमच्या पत्रात ते नाही, पण बहुतेक ठिकाणी कुणीच काढून घेत नाही. मग नोंदी संध्याकाळी एकदम, मग दुसऱ्या दिवशी, मग शनिवारी होतात. शनिवारी भरलेला स्टॉक सोमवारी खोटा असतो. एकदा स्क्रीनवरचा आकडा खोटा निघाला की सगळे पुन्हा काकांनाच विचारतात आणि त्या दिवशी सॉफ्टवेअर संपतं.

शेजारच्यांनी घेतलं म्हणून घेणं हे कारण सगळ्यात कच्चं, कारण शेजाऱ्याचं दुखणं आपलं नसतं. कदाचित त्याच्याकडे ४० ऑपरेशनचं असेंब्लीचं काम असेल, तुमचं ४ ऑपरेशनचं टर्निंग आहे. अनुदान मिळतंय म्हणून घेणंही याच रांगेत बसतं.

टिकतं ते दुसऱ्या प्रकारचं कारण: मालकाचं स्वतःचं दुखणं. तुमच्या पत्रात ते स्पष्ट लिहिलंय आणि तुम्ही त्याला कारण मानलेलं नाही. 'कधी १५ कमी, कधी ५ जास्त.' आमचा सल्ला असा: ग्राहकाने सांगितलेलं काम करा, आणि त्यासाठी ज्या नोंदी कराव्याच लागणार आहेत त्यांनी हे एक दुखणं बरं करून घ्या. नवीन ईआरपी पुढचे सहा महिने घेऊ नका. बाकी सगळं एकदाच संगणकावर आणायचा विचारही तोवर बाजूला ठेवा.

आधी ते ५ नग जास्त का भरतात ते समजून घ्या, कारण तो सॉफ्टवेअरचा प्रश्नच नाही. तुम्ही मोजणीच्या काट्यावर वजनाने नग मोजत असाल. समजा बुश (पोकळ नळीसारखा पार्ट) ५० ग्रॅमचा आहे आणि आतबाहेरचं एकूण पृष्ठफळ ६० चौरस सेंमी. ८ मायक्रॉन झिंक चढलं, तर एका नगाचं वजन सुमारे ०.३४ ग्रॅम वाढतं, म्हणजे ०.७ टक्के. प्लेटिंगला जाताना घेतलेलं नगाचं वजनच परत येताना वापरलं, तर १००० नगांचे काट्यावर १००७ दिसतात. म्हणजे ५ जास्त दिसले तेव्हा खरं तर २ कमी असू शकतात, आणि ९९३ आले तर बरोबर १००० दिसतात. पातळ, पोकळ पार्टवर हा फरक मोठा, भरीव पार्टवर कमी. उपाय सोपा आहे: परत आलेल्या प्रत्येक लॉटमधून ५० नग हाताने मोजून काट्याला नव्याने नमुना द्यायचा. नमुना १० नगांचा घेतला तर काट्याची बारीक चूक शंभरपट होऊन १००० नगांत दिसते, म्हणून ५०. नग तेलकट असताना मोजू नका, आणि रिकाम्या बिनचं वजन दर वेळी वजा करा. एकाच रंगाच्या दोन बिनांत फरक असतो.

हे न करता सॉफ्टवेअर आणलं असतं, तर प्लेटरशी भांडण तसंच राहिलं असतं, फक्त छापील कागदावर झालं असतं.

मोजणी सुधारली की नोंदीकडे या. प्लेटिंगला जाणाऱ्या मालाचं डिलिव्हरी चलन तुम्हाला कायद्याने द्यावंच लागतं, आणि तुमची उलाढाल ५ कोटींच्या वर असल्याने अशा मालाचा हिशेब देणारा आयटीसी-०४ हा जीएसटीचा फॉर्म वर्षातून दोनदा भरावा लागतो: एप्रिल ते सप्टेंबरचा २५ ऑक्टोबरपर्यंत, ऑक्टोबर ते मार्चचा २५ एप्रिलपर्यंत. जॉबवर्कला, म्हणजे बाहेर काम करून घ्यायला, गेलेला माल एका वर्षात परत आला नाही, तर तो पाठवल्या तारखेला विकला असं धरलं जातं आणि त्यावर कर लागतो. बऱ्याच ठिकाणी हा फॉर्म शेवटच्या आठवड्यात चलनांचा गठ्ठा घेऊन भरतात. तेच आकडे रोज भरले, तर फॉर्म आपोआप तयार होतो आणि प्लेटरकडे आज नेमके किती नग आहेत तेही दिसतं. यासाठी नवीन काही विकत घ्यायचं नाही. तुमच्याच टॅलीमध्ये जॉब ऑर्डर प्रोसेसिंग चालू केलं की मटेरियल आउट आणि मटेरियल इन ही व्हाउचर मिळतात. प्लेटरच्या नावाने वेगळं गोडाउन उघडायचं आणि माल तिथे जाताना-येताना नोंदायचा. बॅच चालू केली की लॉट नंबरही त्याच नोंदीत बसतो.

परतीच्या नोंदीला तीन रकाने हवेतच: चांगले, नापास, कमी. १००० गेले, ९८५ चांगले, १० नापास, ५ कमी, असं. नुसतं '९८५ आले' लिहिलं तर उरलेले १५ कायम प्लेटरकडे दिसत राहतात आणि दोन महिन्यांत तो आकडा इतका फुगतो की त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

त्याआधी नावांची सफाई लागेल, आणि तिथे मनुष्यतास जातील हे धरून चला. ईआरपीच्या वेळी टॅलीतली सगळी यादी जशीच्या तशी ओतली असणार. तिच्यात एकच पोलादी बार 'ईएन ८ ३२', '३२ डाया ईएन-८' आणि 'ईएन८ राउंड ३२ एमएम' अशा तीन नावांनी असतो आणि तिघांचाही स्टॉक चुकीचा असतो. गेल्या सहा महिन्यांत मशिनवर चढलेले पार्ट तेवढे घ्या, बाकीचे तसेच झोपू द्या. नाव ठरावीक क्रमाने: आकार, ग्रेड, माप. पार्टला ग्राहकाचा पार्ट नंबर आणि ड्रॉइंगचा रिव्हिजन (सुधारणेचा) नंबर वेगळ्या रकान्यांत. रिव्हिजन नावातच चिकटवला तर बदलल्यावर जुना आणि नवा स्टॉक मिसळतो. एचएसएन, म्हणजे जीएसटीचा वस्तू-कोड, तुम्हाला ६ आकडी लागतो. हे सगळं काकांबरोबर बसून करा आणि नाव काय ठेवायचं ते त्यांना ठरवू द्या, कारण गेटवर उभं राहून ते नाव त्यांनाच शोधायचं आहे.

बार किलोने येतो आणि नगाने जातो, हा दुसरा घोळ. गोल बारचं मीटरमागे वजन किलोत काढायचं असेल तर मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२. ३२ मिमीला ते ६.३२ किलो येतं. तुकडा ८५ मिमी, करवत आणि फेसिंगचे (टोक सपाट करण्याचे) मिळून ३ मिमी धरले, तर ८८ मिमीला ५५६ ग्रॅम. म्हणजे ५०० किलोत कागदावर ८९९ तुकडे. ६ मीटरच्या बारमधून ६८ तुकडे निघून १६ मिमी उरतात, त्यामुळे खरा आकडा थोडा खाली येतो. प्रत्येक पार्टचं असं कट-वजन एकदा लिहून ठेवलं की महिनाअखेरीला बार, नग आणि भंगार यांचा मेळ घालता येतो. भंगारवाल्याला गेलेलं वजन या हिशेबापेक्षा फार वेगळं निघालं, तर कुठेतरी नापास माल न नोंदता भंगाराच्या टबात जातोय. आमच्या मते लहान मशिन शॉपमध्ये संगणकाने पहिला पैसा वाचतो तो इथेच, आणि बाबांना पटेल तोही हाच आकडा.

ग्राहकाच्या मागण्यांकडे वळू. लेबलसाठी साधा डायरेक्ट थर्मल प्रिंटर घेऊ नका. त्याची छपाई उन्हात आणि तेलात उडते. रिबनचा, म्हणजे थर्मल ट्रान्स्फर प्रिंटर घ्या. मेणाची रिबन तेलाच्या बोटाने पुसली जाते, म्हणून रेझिन रिबन आणि पॉलिस्टरचं लेबल. क्यूआर बारीक असेल तर २०३ ऐवजी ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके). विकत घेण्यापूर्वी एक लेबल छापून घ्या, कूलंटमध्ये भिजवलेल्या अंगठ्याने दहा वेळा घासा आणि मग स्कॅन करून बघा. प्रिंटर आणि संगणक स्टोअरमध्ये किंवा डिस्पॅच टेबलावर ठेवा, मशिनशेजारी नको. कूलंटची वाफ आणि ग्राइंडिंगची धूळ संगणकाचा पंखा लवकर बसवते.

लॉटचा माग दाखवणं हे लेबलापेक्षा अवघड, पण मुळात ती शिस्त आहे. बार आला की टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (पोलाद कोणत्या वितळणीतलं त्याचा क्रमांक) उतरवा. कटिंग होताना लॉट नंबर द्या: वर्ष, महिना, अनुक्रम, एवढा आखूड. तो नंबर रूट कार्डवर (कोणकोणती ऑपरेशन झाली ते लिहायचं कार्ड), आणि रूट कार्ड बिनसोबत फिरतं ते पॅकिंगपर्यंत. प्लेटिंगला लॉट दोन खेपांत गेला तर शेवटी अ आणि ब लावा. दोन हीटचे नग एका बिनमध्ये कधीही टाकायचे नाहीत. दुसऱ्या पाळीत जागा कमी पडते तेव्हा नेमकं हेच होतं, म्हणून जास्तीच्या १०-१५ रिकाम्या बिन ठेवा. माग जुळतो का ते बघायला डिस्पॅचमधलं एक लेबल उचलून घड्याळ लावा: हीट नंबर आणि त्याचं सर्टिफिकेट १५ मिनिटांत हातात आलं पाहिजे.

ग्राहकाच्या पोर्टलचं शेड्यूल उतरवून फक्त डिस्पॅचला देऊ नका. ग्राहकाने माल स्वीकारल्याची जीआरएनची तारीखही पोर्टलवर दिसत असेल, तर ती तुमच्या कामाची आहे. एमएसएमई कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, त्याहून उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोचल्याचा दिवसच स्वीकृतीचा धरतात. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) ताजी ठेवा. दर सोमवारी बिल, जीआरएन आणि जमा रक्कम अशी तीन रकान्यांची यादी काढा. जीआरएन झालेलं नाही अशी बिलं त्याच दिवशी फोन करून सोडवा. मोठ्या ग्राहकावर व्याजाचा दावा कुणी सहसा लावत नाही, पण ३८व्या दिवशी तारीख पुढे करून बोलणं आणि ७०व्या दिवशी विनवणी करणं यात फार अंतर आहे. सक्तीने भरलेली माहिती तुमच्या बाजूने उभी राहते ती अशी.

ई-इनव्हॉइसच्या बाबतीत दोन खड्डे सांगून ठेवतो. बिल चुकलं तर आयआरएन (ई-इनव्हॉइसचा नोंदणी क्रमांक) २४ तासांतच रद्द होतो, त्याच्यावर ई-वे बिल चालू असेल तर आधी ते रद्द करावं लागतं, आणि रद्द झालेला बिल नंबर पुन्हा वापरता येत नाही. म्हणून ग्राहकाचा जीएसटी नंबर, पिनकोड आणि पत्ता मास्टरमध्ये एकदाच तपासून कुलूप लावा. दुसरा खड्डा ओटीपीचा. २०२५ पासून ई-इनव्हॉइसच्या पोर्टलवर दुहेरी पडताळणी आहे. सगळं बाबांच्या मोबाइलवर नोंदलेलं असेल आणि बाबा पुण्याला गेले असतील, तर गाडी गेटवर उभी राहते. डिस्पॅचच्या दोन माणसांसाठी त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर सब-यूजर तयार करून घ्या.

काकांबद्दल थोडं. रजिस्टर हे त्यांचं वजन आहे. त्यांना विचारल्याशिवाय माल हलत नाही, हा मान त्यांनी वीस-पंचवीस वर्षांत कमावलेला आहे. ते 'शिकत नाहीत' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. त्यांना व्हॉट्सअॅपवर चलनाचा फोटो पाठवता येत असेल तर हेही येईल. नोंद माल हातातून जाताना झाली पाहिजे, संध्याकाळी नव्हे. म्हणून दुसरं एखादं काम, उदाहरणार्थ हजेरीची वही, त्यांच्याकडून आधी काढून घ्या. हजेरीला यंत्र लावणार असाल तर चेहरा ओळखणारं लावा. तेल-कूलंटने झिजलेल्या बोटांचे ठसे लागत नाहीत आणि दारात रांग लागते. रजिस्टर आणि संगणक दोन्ही एक महिना सोबत चालवा, त्याहून जास्त नाही. दोन महिने झाले की लोक पुन्हा वहीवरच विसंबतात. महिना संपला की शेवटच्या नोंदीखाली रेघ ओढून काकांची आणि बाबांची सही घ्या आणि वही ऑफिसच्या कपाटात ठेवा. सुरुवात महिन्याच्या १ तारखेला करा, आदल्या सुट्टीच्या दिवशी सगळा माल हाताने मोजून. मार्चअखेर आणि दिवाळीचा बोनसचा महिना टाळा.

बाबांकडून एकच गोष्ट मागा. रोज सकाळी ९ वाजता त्यांनी विचारायचं: 'प्लेटरकडे आज किती नग आहेत?' आणि उत्तर स्क्रीनवरूनच घ्यायचं. मालक जिथे बघतो, तिथली नोंद खरी राहते. त्यांनी काकांना हाक मारून विचारलं, तर त्या दिवसापासून स्क्रीन कुणी भरणार नाही. तीन वर्षांपूर्वीही बहुधा असंच झालं असेल.

टॅलीचा डेटा रोज दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक जागा शॉपच्या बाहेर हवी. बॅकअपची हार्ड डिस्क संगणकाला कायम लावून ठेवली तर खंडणीचा व्हायरस तिच्यावरही कुलूप लावतो. रोज काढून कपाटात. घरून बघता यावं म्हणून कुणी रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडून दिला असेल तर तो आजच बंद करा, असे हल्ले फार करून त्याच दारातून येतात. आणि तीन महिन्यांतून एकदा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. संगणकाला यूपीएस लागेलच. वीज क्षणभर गेली तरी अर्धवट नोंद डेटा बिघडवते.

सीएनसीला वायर जोडून उत्पादनाचे आकडे आपोआप घेणं मोहात पाडेल, सध्या नको. नव्या कंट्रोलरला नेटवर्कचं पोर्ट असतं, जुन्याला आरएस-२३२ हे जुन्या पद्धतीचं पोर्ट. दोन्हीतून सायकल किती झाल्या ते कळतं, पण मशिन का थांबलं ते माणसानेच लिहावं लागतं, आणि ती सवय अजून लागायची आहे.

सहा महिन्यांनी तीन गोष्टी तपासा: प्लेटरकडचा आकडा आणि हाताने मोजलेला आकडा जुळतो का, कुठलाही लॉट १५ मिनिटांत मागे नेता येतो का, आयटीसी-०४ एका बैठकीत भरला का. हे जमत असेल आणि तरीही रोजचं नियोजन, म्हणजे आठ मशिनवर कोणता पार्ट कधी चढवायचा, तुमच्या डोक्यात मावत नसेल, तर ईआरपीची वेळ आली असं समजा. तेव्हा विक्रेत्याला त्याचा तयार डेमो दाखवू देऊ नका. तुमचे २० पार्ट त्याला आधी द्या आणि तुमच्यासमोर तीन व्यवहार करायला लावा: १००० नग प्लेटिंगला जाऊन ९८५ चांगले, १० नापास, ५ कमी आलेले; बार किलोत घेऊन नगात खर्ची टाकलेला; आणि लॉट अर्ध्यात असताना ड्रॉइंगचा रिव्हिजन बदललेला. सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो हेही तिथेच करून दाखवायला सांगा. 'हे नंतर बदलून देऊ' असं उत्तर आलं, तर कोणता बदल, किती पैशांत, कोणत्या तारखेपर्यंत, हे लेखी घ्या. आणि ते तीन व्यवहार तुमच्या काकांच्या हातून पार पडेपर्यंत अर्ध्याहून जास्त रक्कम देऊ नका.